बाजारपेठेंतील स्वच्छतागृह : आराखडा कसा निवडावा?

नगरपालिकेच्या कामांत एक काम असें आहे कीं, त्याविषयीं सभेंत बोलावयास सभासद संकोचतात. पण तें न झाल्यास हाल मात्र रोज होतात. तें काम म्हणजे बाजारपेठेंत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधणें.

बीड जिल्ह्यांतील गेवराईसारखें तालुक्याचें गांव डोळ्यांपुढें आणा. सोलापूर-धुळे महामार्गावरचें हें गांव. कचेरी, दवाखाना, बँक, बाजार अशा कामांसाठीं खेड्यापाड्यांतून माणसें सकाळीं येतात व सायंकाळीं परततात. पुरुषाची अडचण कशीबशी निभावते. बाई मात्र घरून निघतांनाच पाणी पिण्याचें टाळते. दिवसभर तहानलेलें राहणें आणि लघवी रोखून धरणें यांमुळें मूत्रमार्गाचे विकार जडतात. तेव्हां हा प्रश्न केवळ सोयीचा नसून आरोग्याचा आहे.

या गाऱ्हाण्यास मुंबईंत वाचा फुटली. २०११ सालीं तेथील कार्यकर्त्या स्त्रियांनीं ‘राइट टु पी’ ही चळवळ उभारली. पुरुषांस मुतारी फुकट, स्त्रियांस मात्र त्याच कामासाठीं पैसे, हा विषम न्याय तिनें चव्हाट्यावर आणला. पुढें पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’नें मुंबई उच्च न्यायालयांत याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्यें तिचा निकाल लागला. स्वच्छ प्रसाधनाची सोय हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असें मानून न्यायालयानें राज्यांतील महानगरपालिकांस स्त्रियांसाठीं अशीं गृहें बांधण्याचा आदेश दिला. आदेश महानगरपालिकांना असला, तरी गांवाची लोकसंख्या पाहून देहधर्म बदलत नाहीं.

आतां आराखड्याकडे वळूं. सभेपुढें चार नकाशे आले, तर ज्याचा दर्शनी भाग देखणा तोच पसंत पडण्याचा संभव फार. परंतु पारखावयाच्या गोष्टी निराळ्याच आहेत.

पहिली गोष्ट बैठकांच्या संख्येची. जागेचे दोन सारखे भाग केले म्हणजे न्याय झाला, असें वाटतें. तें खरें नाहीं. पुरुषांकडे शौचकूपांखेरीज मुताऱ्यांची रांग बसते. स्त्रियांस प्रत्येकीला दाराआडची खोली लागते. शिवाय वस्त्रें, कडेवरचें मूल, मासिक पाळी यांमुळें त्यांस वेळ अधिक लागतो. समजा, पुरुषांकडे ६ जागा आहेत व प्रत्येकास १ मिनिट पुरतें. स्त्रियांकडे ३ खोल्या आहेत व प्रत्येकीस २ मिनिटें लागतात. मग १० मिनिटांत ६० पुरुष मोकळे होतील, पण स्त्रिया अवघ्या १५. सारखें क्षेत्रफळ म्हणजे सारखी सोय नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बीड जिल्हा अवर्षणाचा. जुन्या पद्धतीच्या टाकीच्या शौचकूपास एका वेळीं दहा लिटरांहून अधिक पाणी लागतें. उलट, २५ ते २८ अंश उताराचें भांडें आणि २० मिलिमीटरांचा जलबंध ठेवला, तर दीड ते दोन लिटरांत काम भागतें. नळ कोरडा पडला तरी असें गृह चालू राहतें. पहिलें मात्र दोन दिवसांत बंद पडतें.

तिसरी गोष्ट मैल्याची. काळ्या जमिनींत पाणी लवकर मुरत नाहीं. अशा ठिकाणीं केवळ शोषखड्ड्यांवर विसंबतां येत नाहीं. टांकी बांधली, तर मैला उपसणारी गाडी तिच्यापर्यंत सहज पोहोंचली पाहिजे. ज्या नकाशांत ही वाट नाहीं, तो नकाशा पुढें कोणा तरी गरिबाला टांकींत उतरवणार. आणि साधनांवांचून माणसास असें उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे.

चौथी गोष्ट राखणीची. गृह वर्दळीच्या वाटेवर असावें, पण दार थेट रस्त्याकडे उघडूं नये. आंतून कडी, रात्रीं दिवा, पाळीच्या घड्यांसाठीं झांकणाची टोपली, चाकांच्या खुर्चीस उतरण, आणि झाडणाऱ्याचा व राखणदाराचा पगार हीं सर्व मूळ अंदाजपत्रकांतच धरावीं. इमारतीचा खर्च एकदांच होतो. स्वच्छतेचा रोजचा असतो.

आणि नकाशा मंजूर करण्यापूर्वीं सभासदांनीं तो घेऊन बाजारांत भाजी विकणाऱ्या बायांकडे जावें. कोणत्या वाटेनें जावयास संकोच वाटतो, कोणता कोपरा अंधारा असतो, हें त्यांच्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें.

उद्घाटनाच्या दिवशीं सर्वच इमारती सुंदर दिसतात. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यांत, बाजाराच्या दिवशीं. त्या दिवशीं गांवाकडची बाई घरून निघतांना पोटभर पाणी पिऊन निघाली, तर नगरपरिषदेनें आराखडा योग्य निवडला असें समजावें.