जुनी मोटार घेताना : तपासणीची कागदपत्रे कशी वाचावीत?

शेतजमीन विकत घेण्यापूर्वी सातबाराचा उतारा काढावा, 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा बोजा आहे का ते पाहावे आणि मागील फेरफार तपासावेत, हे खेड्यातील कोणत्याही जाणत्या गृहस्थास सांगावे लागत नाही. तोच गृहस्थ दीड-दोन लाखांची जुनी मोटार घेताना मात्र रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, गावाबाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारतो आणि व्यवहार पक्का करून टाकतो. वस्तुतः मोटारीलाही तिचा सातबारा असतो. तो एका ठिकाणी नसून चार ठिकाणी विखुरलेला असतो, एवढाच फरक.

या संदर्भात एक गोष्ट प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत वैध असते. ही मुदत संपल्यावर वाहनाची प्रत्यक्ष तपासणी होऊन नोंदणीचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण केले जाते व पुढे दर ५ वर्षांनी हाच क्रम चालू राहतो. याचा अर्थ असा की, एखादी खासगी मोटार तेरा वर्षे रस्त्यावर धावलेली असली, तरी त्या काळात तिचे ब्रेक, स्टिअरिंग वा सांगाडा शासकीय निरीक्षकाने नियमित तपासणीत पाहिलेला असेलच असे नाही. 'गाडीचे सर्व पेपर क्लिअर आहेत' हे विक्रेत्याचे विधान खरे असूनही त्यातून गाडीच्या प्रकृतीविषयी फारच थोडे कळते, ते यामुळेच.

इतर काही देशांत परिस्थिती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांवरील मोटारींसाठी सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली आणि १९६७ पासून तेथील बहुतांश भागात ती तीन वर्षांवरील मोटारींना लागू करण्यात आली. तेथे केवळ गाडीचा क्रमांक दिला असता मागील तपासण्यांच्या तारखा, त्या वेळी मीटरवर दिसलेले अंतर, गाडी नापास झाली असल्यास त्याची कारणे व निरीक्षकाने दिलेल्या सूचना संगणकावर कोणालाही पाहता येतात. मीटर मागे फिरवून अंतर कमी दाखविण्याचा प्रकार अशा सलग नोंदींमुळे सहज उघडकीस येतो. आपल्याकडे खासगी मोटारीची अशी सलग नोंद उपलब्ध नसल्याने, जे तुकडे हाती लागतात ते खरेदीदाराने स्वतःच जुळवावे लागतात.

पंधरा वर्षांचा उंबरठा

बाजारात १३-१४ वर्षांच्या मोटारी अतिशय आकर्षक किमतीत का मिळतात, याचे एक कारण या नियमात आहे. नूतनीकरणाचे वाढीव शुल्क, महाराष्ट्रात आकारला जाणारा पर्यावरण कर आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती हा सर्व भार वर्ष-दोन वर्षांत येणार असतो आणि तो नव्या मालकाच्या वाट्याला जातो. एखाद्या प्राथमिक शिक्षकाने निवृत्तीच्या पैशांतून अशी मोटार घेतली व पुढील वर्षीच सांगाडा गंजलेला आढळला, तर स्वस्त पडलेली गाडी त्यास चांगलीच महाग पडते. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरील वैधतेची तारीख ही किमतीच्या बोलणीपूर्वी पाहण्याची बाब होय.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. मुदत उलटून गेलेली मोटार रस्त्यावर चालविणे हा गुन्हा आहेच. शिवाय तिचे नुकसान झाल्यास विम्याची भरपाईही धोक्यात येते. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका वाहनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विमा कंपनीचा भरपाई नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला होता.

पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण झालेली मोटार असेल, तर तिच्याबाबत किमान एक शासकीय तपासणी झालेली असते. तथापि, ते प्रमाणपत्र त्या एका दिवसाची साक्ष देते. चार वर्षांपूर्वीचे नूतनीकरण म्हणजे आजच्या ब्रेकची हमी नव्हे.

प्रवासी म्हणून वापरलेली गाडी

भाड्याने चालविलेल्या मोटारींची गोष्ट निराळी. परिवहन संवर्गातील वाहनास योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक असते. ते नव्या वाहनास दोन वर्षांसाठी मिळते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. टॅक्सी म्हणून धावलेली गाडी पुढे खासगी संवर्गात बदलून विकली जाते तेव्हा गंमत अशी होते की, जी अधिक झिजलेली तिचेच तपासणीचे दप्तर अधिक जाड असते! हे दप्तर विक्रेत्याकडे मागावे. दोन प्रमाणपत्रांमध्ये आठ-दहा महिन्यांचा खंड दिसल्यास, त्या काळात गाडी अपघातामुळे उभी होती, की परवान्याच्या वादात अडकली होती, याचा खुलासा घ्यावा. तपासणी नीट होते किंवा नाही, हा प्रश्नही अस्थानी नाही. ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या स्वतंत्र मार्गावर घेण्यात यावी, यासाठी मुंबई उच्च न्यायालयास २०१६ मध्ये आदेश द्यावे लागले होते.

विम्याचा कागद काय सांगतो?

अपघाताचा इतिहास शोधताना सर्वाधिक उपयोगी पडणारा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे विम्याची पॉलिसी. संपूर्ण विमा असलेल्या मोटारीच्या पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस'ची टक्केवारी छापलेली असते. भरपाई न मागता गेलेल्या पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते व पुढे क्रमाने २५, ३५, ४५ आणि ५० टक्के होते. भरपाई मागितली की सामान्यतः ती शून्यावर येते. आठ वर्षे गाडी आपल्याकडेच असून तिला ओरखडाही गेलेला नाही, असे सांगणाऱ्या मालकाच्या पॉलिसीवर २० टक्केच आढळले, तर दोन बाबी संभवतात : एक तर नजीकच्या काळात भरपाई घेतली गेली आहे, अथवा मध्यंतरी विमाच खंडित झाला होता. दोन्ही बाबतीत आणखी चौकशी करण्यास जागा आहे. उलट, ५० टक्के दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि तो आपल्या पूर्वीच्या गाडीवरून या गाडीवर आणू शकतो. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असल्यास हा रकाना काहीच सांगत नाही.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. त्यात केवळ निकास वायूची तपासणी असते. अधिकृत सेवाकेंद्रातील जुनी बिले त्याहून मोलाची, कारण त्यांवर तारखेसोबत मीटरचे अंतरही लिहिलेले असते. २०१९ च्या बिलावर ९२,००० किलोमीटर आणि आज मीटरवर ७८,००० किलोमीटर, असा चमत्कार एका बिलानेही उघड होतो.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीत आणखी एक तपासणी असते व ती खरोखर जिवाशी निगडित आहे. गॅसच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक असून तिचे प्रमाणपत्र मिळते. ती मुदत उलटलेली असल्यास, तसेच मागाहून बसविलेल्या संचाची नोंद प्रमाणपत्रातील इंधनाच्या रकान्यात नसल्यास, ही दोन्ही कामे पूर्ण झाल्यावाचून गाडी ताब्यात घेऊ नये.

दप्तर आणि गाडी एकच आहे ना?

केंद्र शासनाच्या 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत व 'एमपरिवहन' या भ्रमणध्वनीवरील सुविधेत क्रमांक घातला असता नोंदणीची तारीख, इंधन, तसेच नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती दिसतात. हातातील कागद या नोंदीशी ताडून पाहावा. त्यानंतर प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळवावेत. क्रमांकाभोवती घासल्याच्या वा नव्या रंगाच्या खुणा असतील, तर व्यवहार तेथेच थांबविणे इष्ट. कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास वित्तसंस्थेचे नाहरकत पत्र आणि नमुना ३५ पाहावा. कर्ज फिटले, पण बोजा उतरविला नाही, असे पुष्कळदा घडते. दंडाची थकित चलनेही याच वेळी पाहून घ्यावीत.

परराज्यातून आलेल्या मोटारींबाबत विशेष दक्षता हवी. राजधानी दिल्लीच्या परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर २०१५ पासून निर्बंध आल्याने तेथील अनेक गाड्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांत काही सवलत दिली असली, तरी अशा गाड्या बाजारात आहेतच. मूळ परिवहन कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात भरावयाचा कर यांचा हिशेब किमतीत धरावा लागतो.

नावावर होईपर्यंत

तपासणी कितीही काटेकोर केली, तरी गाडी नावावर झाली नाही तर जुन्या व नव्या अशा दोघाही मालकांच्या मानेवर टांगती तलवार राहते. २००७ मध्ये विकलेली एक मोटार पुढे हातोहात फिरत राहिली. नोंदवहीतील नाव तेवढे बदलले नाही. २००९ मध्ये तिला अपघात होऊन मनुष्यहानी झाली. गाडी कधीच विकली होती, हे मूळ मालकाचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले नाही आणि नोंदवहीत ज्याचे नाव तोच भरपाईस जबाबदार, असा निर्णय दिला.

कायद्यानुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज आहेत. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. कोरा नमुना २९ सही करून देण्याची पद्धत बाजारात सर्रास आहे, ती दोघांनीही टाळावी. विक्री मध्यस्थामार्फत होत असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आहे का, हेही विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांसाठी ते आवश्यक करण्यात आले असून, गाडी आपल्या ताब्यात आल्याची सूचना कार्यालयास देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आहे.