बंदिवासातील शॅमेलिऑन : पिंजऱ्यातील आरोग्य व सुरक्षितता

प्रस्तावना

मराठीत 'सरडगुहिरा' अथवा 'घोयरा' या नावांनी ओळखला जाणारा शॅमेलिऑन पाळण्यास अत्यंत अवघड अशा सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक मानला जातो. अमेरिकेत व युरोपात तो हौसेने पाळला जातो. त्यातही येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबिया हे मूलस्थान असलेली, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असणारी 'व्हेल्ड शॅमेलिऑन' ही जाती विशेष प्रचलित आहे. प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिला अनुलक्षून आहे. भारतात आढळणारी जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने ती घरी बाळगता येत नाही. परदेशी शॅमेलिऑन बाळगणाऱ्यांसही २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.

हा प्राणी आपले आजारपण लपवितो. निसर्गात पक्षी व साप यांचे भक्ष्य ठरणाऱ्या जिवाला दुर्बलता दाखविणे परवडत नाही. दिवसा मिटलेले डोळे, खोल गेलेल्या खोबणी, फांदीवरील सैल पकड ही लक्षणे पालकाच्या नजरेस येतात, तोपर्यंत विकार बराच पुढे गेलेला असतो. त्याच्या रंगावरून काही ताडावे, तर तेथेही गैरसमज आड येतो. शॅमेलिऑन पार्श्वभूमीशी जुळण्यासाठी रंग बदलतो ही समजूत चुकीची आहे. त्वचेतील ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्याने हा रंगबदल घडतो, हे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवरील अभ्यासातून दाखविले. त्यामागे तापमान, प्रतिस्पर्धी, भय अशी अनेक कारणे संभवतात. तेव्हा तपासणीचा प्रारंभ प्राण्याऐवजी पिंजऱ्यापासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण त्याचे बहुतेक आजार पिंजऱ्यातच घडतात.

न दिसणारा प्रकाश

यांतील सर्वांत फसवा घटक म्हणजे अतिनील-बी किरण. या किरणांच्या साहाय्याने त्वचेत 'ड-३' जीवनसत्त्व तयार होते व त्यामुळे अन्नातील कॅल्शिअमचे शोषण होते. ते न मिळाल्यास शरीर हाडांतील कॅल्शिअम वापरू लागते. परिणामी पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ बाहेर फेकण्याची क्षमता मंदावते. या चयापचयजन्य अस्थिविकारात एकदा वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. त्यामुळे खिडकीच्या काचेआड ऊन खाणारा प्राणी उबेत असला तरी उपाशीच असतो, असे म्हणावयास हरकत नाही. विशेष दिवे वापरले तरी त्यांतील अतिनील किरणांचे उत्सर्जन काही महिन्यांत घटत जाते. दिवा मात्र पूर्वीइतकाच उजळ दिसतो. म्हणून नळी-दिवे साधारणतः सहा ते बारा महिन्यांनी बदलावेत किंवा किरणमापकाने तपासावेत. अमेरिकेत पँथर शॅमेलिऑनवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आहारातील 'ड-३' कमी असल्यास हे प्राणी अतिनील किरणांत अधिक वेळ घालवितात. ही जाण उपयोगी पडावी, यासाठी पिंजऱ्यात ऊन आणि सावली दोन्हींची निवड उपलब्ध असली पाहिजे.

पाणी, हवा व अन्न

शॅमेलिऑन सहसा वाटीतील स्थिर पाणी पीत नाही. तो पानांवरील थेंब टिपतो. भरलेल्या वाटीशेजारी तहानेने मरणारा प्राणी ही अतिशयोक्ती नव्हे. सकाळ-संध्याकाळ फवारणी किंवा ठिबक आवश्यक असते. विष्ठेतील पांढरा भाग पिवळा-केशरी दिसू लागल्यास पाणी कमी पडत आहे असे समजावे. मात्र कोंदट ओलावा तितकाच घातक. सतत ओल्या व बंद हवेत श्वसनमार्गाचा संसर्ग बळावतो. दोन फवारण्यांमध्ये पिंजरा सुकला पाहिजे. उष्ण-दमट हवेत म्हणूनच जाळीचा उंच पिंजरा इष्ट असतो. प्रौढासाठी सुमारे ६० × ६० × १२० सेंटिमीटर हे किमान माप समजले जाते.

आहारातील रातकिड्यांत कॅल्शिअमपेक्षा फॉस्फरस अधिक असल्याने त्यांवर कॅल्शिअमची भुकटी टाकतात. न खाल्लेले किडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नयेत. ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. काही काजवे विषारी असतात व एखादाही प्राणघातक ठरू शकतो. ही जाती पानेही खात असल्याने जास्वंद चालते, कण्हेर कदापि नाही.

अपघात

उष्णतेचा दिवा पिंजऱ्याच्या आत लावणे ही वारंवार होणारी चूक. शॅमेलिऑन उबेकडे चढत जातो आणि दिव्याला भिडूनही हलत नाही. पाठ व डोक्यावरील उंचवटा भाजल्याचे अनेकदा नंतरच लक्षात येते. दिवा बाहेर असावा आणि सर्वांत उंच फांदीवरील तापमान तापमापकानेच मोजावे. प्रौढास ३० ते ३२ अंश सेल्सिअस पुरेसे. उघड्या धातूच्या जाळीत नखे अडकून तुटतात, म्हणून प्लास्टिकचा लेप असलेली जाळी वापरावी. दोन प्राणी एकत्र ठेवू नयेत. आरशातील प्रतिबिंबही त्यांना प्रतिस्पर्धी वाटू शकते.

मादीचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि नवख्या पालकांस तो बहुधा ठाऊकच नसतो. नराशी संबंध न येताही ती अंडी धारण करते. पुरण्याजोगी ओलसर माती अथवा वाळू नसल्यास ती अंडी रोखून धरते व त्यातच दगावू शकते. २० ते ३० सेंटिमीटर खोल वाळूचे भांडे आणि माफक आहार ही यावरील साधी खबरदारी होय.

सुरक्षिततेची दुसरी बाजू पिंजऱ्याबाहेरच्या सृष्टीशी निगडित आहे. हवाई बेटांवरील एका प्राणीविक्रेत्याने १९७२ मध्ये केनियातून जॅक्सन शॅमेलिऑन मागविले. प्रवासाने ते कृश झाले होते, म्हणून सावरण्यासाठी त्याने त्यांना आपल्या बागेत मोकळे सोडले. हेतू दयेचाच होता. तेथून पसरलेली त्यांची संतती आज तेथील जंगलांत स्थिरावली असून, तिच्या जठरात त्या बेटांखेरीज अन्यत्र न आढळणाऱ्या गोगलगायी मिळालेल्या आहेत.