पाणलोटाच्या दोन बाजू : बैहरच्या पठारावरून गढ आणि महाल

सीमाभागातील वास्तू : लेखांक सहावा

बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेस महाराष्ट्र आणि पूर्वेस छत्तीसगड असून, त्याच्या उत्तर भागात सातपुड्याच्या मैकल रांगेला लागून असलेल्या पठारावर बैहर हे तालुक्याचे गाव वसले आहे. विदर्भातून येणारे बहुतेक प्रवासी बैहरवरून पुढे मुक्की प्रवेशद्वाराने कान्हाच्या जंगलात जातात आणि वाघ पाहून त्याच वाटेने परततात. या पठाराच्या उत्तरेला रामनगर व मंडला येथे आणि दक्षिणेला लांजी, हट्टा व कामठा येथे गोंड व मराठा राजवटींचे किल्ले, महाल आणि जमीनदारांची ठाणी आहेत, याची जाणीव मात्र त्यांपैकी फार थोड्यांना असते. या वास्तू सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांतील प्रत्येक वास्तू अपुरी वाटते, पण बैहरचे पठार मध्ये ठेवून त्या एका ओळीत पाहिल्या की एका मोठ्या राज्यव्यवस्थेची रचना स्पष्ट होऊ लागते. प्रस्तुत लेखांकाचा विषय ही रचना आणि ती पाहण्याची पद्धत हाच आहे.

या रचनेचा पाया भूगोलात आहे. ज्या उंचवट्यावरून पावसाचे पाणी दोन वेगवेगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत वाटले जाते, त्याला पाणलोट किंवा जलविभाजक म्हणतात आणि बैहरचा प्रदेश अशाच उंचवट्यावर आहे. या परिसरातून वाहणारी बंजर नदी उत्तरेकडे जाऊन मंडल्याजवळ नर्मदेला मिळते, त्यामुळे तिचे पाणी अखेर अरबी समुद्राला जाते. पठाराच्या दक्षिण उतारावरचे पाणी मात्र घाट उतरून वैनगंगेच्या खोऱ्यात येते आणि प्राणहिता व गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला पोचते. अठराव्या शतकाच्या आरंभी राजकीय सीमादेखील याच डोंगररांगेवरून जात होती, कारण आजच्या बालाघाट जिल्ह्याचा डोंगरापलीकडचा उत्तर भाग गढा-मंडल्याच्या गोंड राज्यात आणि दक्षिणेकडचा सखल भाग देवगडच्या गोंड राज्यात मोडत होता. म्हणजे आज मध्य प्रदेशाच्या एकाच जिल्ह्यात असलेली बैहर आणि लांजी ही दोन गावे त्या काळी दोन राज्यांत होती, आणि आज वेगळ्या राज्यांत असलेले लांजी आणि कामठा यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला होता. सीमाभागातल्या वास्तू पाहणाऱ्याने आजचा नकाशा बाजूला ठेवून नद्यांचा नकाशा हाती घ्यावा, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

गोंड राज्यव्यवस्थेत ‘गढ’ ही संज्ञा केवळ तटबंदीच्या वास्तूसाठी वापरलेली नाही. एखादे मजबूत ठाणे आणि त्याच्या अमलाखाली असलेली गावे मिळून गढ होत असे आणि तो राज्यकारभाराचा एक घटक मानला जाई. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गढा-मंडल्याचा राजा संग्रामशाह याच्या सत्तेखाली असे बावन्न गढ होते अशी परंपरा असून, त्यांच्या याद्यांत कोणत्या गढाकडे ३६०, तर कोणत्या गढाकडे ७५० गावे असे आकडे येतात. सह्याद्रीतील किल्ल्यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला येथे दृष्टी थोडी बदलावी लागते. तिकडे कातळकडे, माची आणि बालेकिल्ला यांनी किल्ल्याचे सामर्थ्य ठरते. इकडे मात्र ठाण्याचे सामर्थ्य नदीचे वळण, घनदाट अरण्य, घाटाची वाट आणि तळ्याचे पाणी यांवर अवलंबून असे. बैहरच्या पठारावर मोठा राजमहाल न दिसण्यामागचे कारणही याच दृष्टीने उलगडते, कारण दोन राज्यांमधले हे अरण्य म्हणजेच एक तटबंदी होती आणि अरण्याच्या दोन्ही कडांना राजधान्या व ठाणी उभी राहिली.

उत्तरेच्या कडेवर पहिले महत्त्वाचे स्थळ म्हणजे नर्मदाकाठचे रामनगर होय. संग्रामशाहची सून राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना मरण पावली आणि त्यानंतर गढा-मंडल्याचे वैभव ओसरत गेले. पुढे सतराव्या शतकात बुंदेल्यांच्या स्वारीने चौरागढची राजधानी हादरली, तेव्हा राजा हृदयशाह याने अरण्याच्या अधिक आतल्या बाजूस, नर्मदेच्या तीरावर रामनगर वसवले. तेथील मोतीमहाल ही तीन मजली वास्तू आयताकृती असून, मधोमध मोकळे अंगण व त्यात हौद आणि चहूबाजूंनी दालने अशी तिची मांडणी आहे. दगड आणि चुना यांनी उभारलेल्या या महालात कोरीव काम जवळपास नाही, भिंती जाड आहेत, जिने अरुंद आहेत आणि नदीकडची बाजू मोकळी आहे. ज्या राजघराण्याला राजधानी सोडून यावे लागले, त्याने शोभेपेक्षा संरक्षण आणि पाणी यांना आधी स्थान दिले, हे तेथील भिंती आणि जिने पाहूनच कळते.

रामनगरचे सर्वांत मोलाचे धन मात्र एक शिलालेख आहे. विक्रम संवत १७२४, म्हणजे इसवी सन १६६७ मधला हा संस्कृत लेख हृदयशाहची राणी सुंदरीदेवी हिने बांधवलेल्या मंदिराच्या निमित्ताने कोरला गेला असून आज तो मोतीमहालात आहे. त्यात मूळपुरुष यादवराय याच्यापासून हृदयशाहपर्यंतच्या चौपन्न राजांची वंशावळ दिली आहे. अशा वंशावळीतील आरंभीची नावे इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत, कारण राजघराण्याला प्राचीनत्व मिळवून देणे हा अशा लेखांचा एक हेतू असतो. तरीही संग्रामशाहनंतरच्या राजांविषयी तो महत्त्वाचे साधन ठरतो आणि गोंड राजांनी आपला इतिहास स्वतःच्या दरबारात लिहवून घेतला होता याचा तो लेखी पुरावा आहे. मोतीमहालाजवळ राय भगत की कोठी आणि बेगममहाल या आणखी दोन वास्तू असून, तेथून काही अंतरावर काळा पहाड नावाची टेकडी आहे. तेथील काळ्या दगडाचे बहुकोनी खांब माणसाने घडवल्यासारखे दिसतात, पण ते निसर्गनिर्मित आहेत. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला नियमित भेगा पडतात आणि बेसाल्टचे असे स्तंभ तयार होतात.

रामनगरनंतर राजधानी मंडल्याला गेली आणि तेथील किल्ल्याने नर्मदेच्या वळणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. तीन बाजूंना नदीचे पात्र आणि चौथ्या बाजूस खोदलेला खंदक, अशी त्याची योजना होती. बैहरकडून येणारी बंजर नदी याच परिसरात नर्मदेला मिळते, त्यामुळे बैहरहून मंडल्यास जाणारा प्रवासी नकळत एका नदीच्या सोबतीने किल्ल्यापर्यंत पोचत असतो. आज तटबंदीचे थोडे अवशेष आणि राजराजेश्वरीचे मंदिर एवढेच तेथे राहिले आहे, पण मराठी इतिहासाच्या वाचकाने ही जागा अवश्य पाहावी. १७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव याने मंडल्यावर स्वारी केली, तीत राजा महाराजशाह मारला गेला आणि त्याच्या वारसाला चार लाख रुपयांची चौथ मान्य करावी लागली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य खालसा केले, १७९८ च्या सुमारास ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१८ मध्ये इंग्रजांना तो किल्ला मराठ्यांच्या शिबंदीशी लढूनच घ्यावा लागला. या प्रदेशात मराठे प्रथम जेते म्हणून आले आणि नंतर पराभूत म्हणून गेले, या दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. गढा-मंडल्याच्या गोंड घराण्यातील राजा शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. त्यामुळे गोंड समाजासाठी मंडला-रामनगर ही आजही अभिमानाची आणि दुःखाची स्थाने आहेत आणि तेथे जाणाऱ्याने ती तशीच मानावीत.

पठाराच्या दक्षिणेला घाट उतरून गेल्यावर लांजी लागते. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या १११४ मधील शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मंडलांची नावे आली आहेत, त्यांत वैरागर, लांजिका आणि भाणार ही तीन नावे लागोपाठ येतात. ही अनुक्रमे आजची गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड, बालाघाटमधील लांजी आणि भंडारा ही स्थळे मानली जातात. नऊशे वर्षांपूर्वीच्या लेखात हा सारा पट्टा एका ओळीत यावा, ही बाब सीमाभागाच्या इतिहासात मूलभूत महत्त्वाची आहे. लांजीचा किल्ला भुईकोट आहे. भुईकोट म्हणजे डोंगराचा आधार न घेता सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला. अशा किल्ल्याला तट, बुरूज आणि खंदक यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून तो पाहताना दरवाजातून थेट आत न जाता आधी बाहेरून तटाची फेरी करावी आणि खंदकाला पाणी कोठून येत असेल याचा विचार करावा. किल्ला गोंड राजवटीचा मानला जातो, तर लांजीजवळचे कोटेश्वर महादेवाचे मंदिर त्याहून जुन्या काळात नेते आणि त्यामुळे एकाच गावात दोन कालखंड शेजारीशेजारी अभ्यासता येतात.

देवगडचे राज्य १७४३ मध्ये रघूजी भोसले यांच्या ताब्यात गेल्यावर दक्षिणेकडच्या या भागात राजांपेक्षा जमीनदारांचे महत्त्व वाढले. येथील जमीनदार हा केवळ मोठा शेतमालक नव्हता. जंगलपट्ट्यातील गावांचा वंशपरंपरागत प्रमुख म्हणून सारा भरणे आणि घाटवाटा सुरक्षित राखणे या दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्याकडे असत. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याने १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो मोडण्यासाठी फौज पाठवावी लागली आणि नंतर ती जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. बालाघाट जिल्ह्यातील हट्टा येथील बावडी याच जमीनदारी जगाची आठवण आहे. बावडी म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येईल अशी बांधीव विहीर असून, हट्ट्याच्या बावडीत जमिनीखाली मजले काढून उन्हाळ्यात विसाव्यासाठी गारव्याच्या जागा केल्या आहेत. महाल जमिनीवरच असला पाहिजे ही समजूत येथे गळून पडते.

प्रवासाच्या दृष्टीने बैहर हे मुक्कामाचे ठिकाण ठरवून दोन स्वतंत्र फेऱ्या आखणे सोयीचे असते. एक बंजरच्या दिशेने मंडला व रामनगरकडे आणि दुसरी घाट उतरून लांजी व हट्ट्याकडे, जी पुढे गोंदिया जिल्ह्यात कामठ्यापर्यंत वाढवता येते. पावसाळा संपल्यानंतरचे महिने त्यासाठी उत्तम, कारण तेव्हा तळी भरलेली असतात, खंदकांचा आकार ओळखता येतो आणि रानवाटाही वाळलेल्या असतात. वास्तूच्या आवारात देवस्थान असेल तर ते पूजेचे स्थान आहे हे लक्षात ठेवून वागावे, चुन्याच्या गिलाव्यावर नावे कोरू नयेत आणि ढासळत्या जिन्यांवर चढू नये. स्थानिक गोंड, बैगा, पोवार आणि मराठी भाषक कुटुंबांकडे या वास्तूंच्या अनेक कथा आहेत. त्या आदराने ऐकून घ्याव्यात आणि शिलालेखाचा पुरावा व लोकस्मृती यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

१८६७ मध्ये इंग्रजांनी मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा निर्माण केला, तेव्हा पाणलोटाच्या दोन्ही बाजू प्रथमच एका कचेरीखाली आल्या. मध्य प्रांतात हा जिल्हा नागपूर विभागात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मात्र भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून मराठी पुस्तकांतील किल्ल्यांच्या याद्या भंडारा-गोंदियाशी येऊन थांबतात आणि हिंदी पुस्तकांतील याद्या लांजीपाशी संपतात, त्यामुळे जे एकत्र वाचले पाहिजे ते अर्धे अर्धे वाचले जाते. हे तुटलेले वाचन जोडण्याचे काम विदर्भातील शाळा, महाविद्यालये आणि इतिहासप्रेमी मंडळे सहज हाती घेऊ शकतात, कारण वाघ पाहण्यासाठी बैहरपर्यंत येणाऱ्याला हे गढ आणि महाल फारसे दूर नाहीत. पुढील लेखांकात वैनगंगेच्या काठाने पवनीपर्यंत जाऊन नदीकाठच्या भुईकोटांची तुलना केली जाईल.