उन्हाने भाजलेली कातडी व घरचे उपाय

वैशाखात इंदूरहून महेश्वरास जावे, घाटावर स्नान करावे व मग तास-दोन तास नावेत बसून नर्मदेचे पात्र पाहावे, हा आपल्या मंडळींचा आवडता बेत. नदीवर वारा असतो, त्यामुळे ऊन फारसे जाणवत नाही. घरी परतल्यावर मात्र रात्री मान, खांदे व दंड हुळहुळू लागतात.

कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर त्यातील अतिनील किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत व अंगाला जाणवतही नाहीत. लाली चढते ती काही तासांनी, आणि दुसऱ्या दिवशी त्रास सर्वांत अधिक होतो. वारा गार असला किंवा आभाळ थोडे झाकळलेले असले तरी किरण येतच असतात. सावळ्या माणसास हा त्रास होत नाही हा समजही खरा नव्हे. लाली कमी दिसते इतकेच, आग तीच.

लहानपणी एकदा माझ्या भाजलेल्या पाठीवर मावशीने मोठ्या मायेने तूप चोळले. ती सबंध रात्र मी पालथा पडून काढली! तुपातेलाचा थर आतली ऊब कोंडून धरतो. म्हणून कातडी आधी निवू द्यावी. जुन्या धोतराचा मऊ तुकडा माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे अंगावर ठेवावा व दिवसातून पुष्कळदा असे करावे. बर्फ थेट लावू नये. अंग पुसताना घासू नये, नुसते टिपावे.

त्यानंतर कोरफड. पान कापले की लगेच गर काढण्याची घाई करू नये. पान थोडा वेळ उभे धरून पिवळा चीक निथळू द्यावा, कारण तो झोंबतो. मग साल काढून गर धुवावा आणि आधी थोड्याशा जागी लावून पाहावा. लिंबाचा रस मात्र मुळीच लावू नये. तो लावून पुन्हा उन्हात गेल्यास फोड व काळे डाग उठतात. बेसन, मुलतानी माती ही उटणी चार दिवस राहू द्यावीत. कातडी सुटू लागली म्हणजे खोबरेल लावावे. पापुद्रे ओढू नयेत. पाणी, ताक, पन्हे भरपूर घ्यावे. (लूसाठी खिशात बाळगलेल्या कांद्याचा येथे काही उपयोग नाही.)

लहानसा फोड आला तर तो फोडू नये. फोड मोठे किंवा पुष्कळ असले, ताप, उलटी अथवा भोवळ आली, किंवा भाजलेले मूल तान्हे असले, तर घरच्या उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

पुढल्या खेपेस नावेत सकाळी लवकर बसावे. आपली सावली आपल्याहून आखूड झालेली दिसली, की नाव काठाला लावण्यास सांगावे.