आगीचा माग कसा काढतात?

आगीच्या तपासाचा पहिला धडा: आधी ‘कुठून’, मग ‘कशामुळे’. कमी जळलेल्या भागाकडून जास्त जळलेल्या भागाकडे सरकायचं, प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचे, राख थराथराने उपसायची. ज्वाळा वर चढताना पसरतात, म्हणून भिंतीवर अनेकदा इंग्रजी ‘व्ही’सारखा डाग उमटतो. पण सगळी खोली एकदम पेटली, म्हणजेच ‘फ्लॅशओव्हर’ झाला, की या खुणांवर विसंबणं धोक्याचं.

विजेच्या तारा मात्र निरखून पाहाव्यात. तांबं सुमारे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. विजेच्या ठिणगीने तारेवर तयार झालेला तांब्याचा मणी सहसा छोटा, गोल आणि शेजारच्या धड तारेपासून स्पष्ट वेगळा दिसतो. धगीने वितळलेली तार लांबवर ओघळते. तरीही मणी सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. आगीत तारेवरचं आवरण जळूनही शॉर्टसर्किट होतं. आपल्याकडे हा शब्द आग विझण्याआधीच बातमीत येतो, हे थांबायला हवं.

काचेवरच्या बारीक तड्यांचं जाळं हा पूर्वी पेट्रोल वापरल्याचा पुरावा मानत. प्रत्यक्षात तापल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की असे तडे जातात. टेक्सासमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमवरच्या, आग लावून खून केल्याच्या खटल्यात अशाच समजुती पुरावा म्हणून मांडल्या गेल्या; २००४ साली त्याला मृत्युदंड दिला गेला.

पेट्रोल-रॉकेलचा संशय असेल, तर नमुना स्वच्छ, हवाबंद धातूच्या डब्यात ठेवतात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ निसटते.