सरकारने विचारण्याआधी

१९९१च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघ अजून नकाशावर होता, पण त्याचे दिवस भरत आले होते. त्याच महिन्यात हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधल्या एका संशोधन केंद्राने एक अहवाल प्रसिद्ध केला. हे राज्य फुटले तर त्याच्या अण्वस्त्रांचे काय होणार, हा त्याचा विषय. रशियाबरोबरच युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तानातही लांब पल्ल्याची अण्वस्त्रे होती. अहवाल लिहिणाऱ्या चौघांपैकी अ‍ॅश्टन कार्टर यांनी सॅम नन आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांना धोका समजावून सांगितला. डिसेंबर संपायच्या आत ही शस्त्रे सांभाळायला आणि मोडीत काढायला अमेरिकी संरक्षण खर्चातून ४० कोटी डॉलरपर्यंत रक्कम वापरण्याचा कायदा झाला. १९९३मध्ये कार्टर पेंटागॉनमध्ये गेले आणि ज्या कामाची शिफारस त्यांनी केली होती, तेच त्यांच्या गळ्यात पडले. १९९६च्या अखेरीस रशिया सोडून बाकीच्या तिन्ही देशांत एकही अण्वस्त्र उरले नव्हते.

२०२२च्या रशियन आक्रमणानंतर, युक्रेनने शस्त्रे द्यायलाच नको होती, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा संताप मला समजतो. पण ती डागण्याची सूत्रे मॉस्कोच्या हाती होती आणि ज्याचे सरकार नुकतेच कोसळले आहे अशा देशात अण्वस्त्रे पडून राहणे किती भयंकर ठरले असते, हेही विसरून चालणार नाही.

१९९१चा तो अहवाल काढणारे केंद्र म्हणजे आजचे बेल्फर सेंटर. १९७३मध्ये ते सुरू केले पॉल डॉटी यांनी. डॉटी जीवरसायनशास्त्रज्ञ. डीएनएचे विलग झालेले धागे पुन्हा जुळतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले आणि पुढच्या जनुकशास्त्राला त्याचा मोठा आधार मिळाला. तरुणपणी ते अणुबॉम्बच्या प्रकल्पात होते. नंतर शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय पगवॉश परिषदांत सोव्हिएत शास्त्रज्ञांशी शस्त्रकपातीवर बोलत राहिले. बॉम्ब समजणाऱ्यांना राजकारण कळत नाही आणि राजकारण करणाऱ्यांना बॉम्ब, ही दरी बुजवायची तर दोघांना वर्षानुवर्षे एका छताखाली बसवावे लागते. डॉटींनी फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर नेमके तेच केले. १९७६मध्ये ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी’ हे नियतकालिक निघाले. आजही या विषयात त्याचा दबदबा आहे.

हवामानाचा प्रश्न इथे आला तो भौतिकशास्त्रज्ञांच्याच वाटेने. जॉन होल्ड्रन अण्वस्त्रे आणि ऊर्जा दोन्हींवर काम करत आले होते. पगवॉशला १९९५चा शांततेचा नोबेल मिळाला तेव्हा संस्थेच्या वतीने भाषण त्यांनीच केले. आपल्यापुढे तीनच वाटा आहेत, अशी त्यांची मांडणी: उत्सर्जन कमी करणे, बदलाशी जुळवून घेणे आणि सोसणे, पहिल्या दोन जितक्या टाळू, तितकी तिसरी वाढेल. २००९पासून आठ वर्षे ते ओबामांचे विज्ञान सल्लागार होते आणि मग केंद्रात परतले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट स्टेव्हिन्स यांचा हवामान करारांवरचा प्रकल्प इथलाच. वितळत्या आर्क्टिकवरही इथे स्वतंत्र काम चालते, कारण बर्फ हटले की जहाजांच्या वाटा, नौदले आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे जगणे हे सारे एकदमच प्रश्न होऊन पुढे येते.

२०१७मध्ये केंद्रात निवडणुकांवरच्या सायबर हल्ल्यांचा अभ्यास सुरू झाला. त्यात अमेरिकी अध्यक्षपदाचे प्रतिस्पर्धी पक्षांचे माजी उमेदवार हिलरी क्लिंटन आणि मिट रॉम्नी यांच्या प्रचारमोहिमांचे प्रमुख एकत्र बसले आणि प्रचार कार्यालयांसाठी एक सोपी मार्गदर्शिका तयार झाली. पासवर्ड कसे ठेवावेत हेसुद्धा तिच्यात सांगितले आहे. एवढ्या मोठ्या विद्यापीठाने इतके साधे काम हाती घ्यावे, हे मला फार मोलाचे वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. केंद्राला ज्यांचे नाव आहे त्या रॉबर्ट बेल्फर यांच्या घराण्याची संपत्ती तेलातली. ते स्वतः एन्रॉनच्या संचालक मंडळावर होते. त्यामुळे इथला अभ्यास खोटा ठरत नाही. पण इथले लोक मंत्रालयात जातात आणि मंत्रालयातले इथे येतात. अशा ठिकाणी पैसा कुणाचा, हे वाचकाने प्रत्येक अहवालाबरोबर विचारलेच पाहिजे आणि केंद्राने त्याचे उत्तर मागण्याआधीच द्यायला हवे.