आजीची आठवण हेही संशोधन आहे: आपला इतिहास आपणच का आणि कसा लिहायचा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वस्त्यांवर काम करताना अशा आज्या आम्हाला अजून भेटतात. घरातला देव्हारा कधी हलला, मेलेली ढोरे ओढायचे कोणी बंद केले, त्यावर गावाने काय केले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात त्या पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. भाषणे मात्र बाहेरून आलेले वक्ते करतात. माईक आजीपर्यंत पोहोचत नाही.

आमची स्वतःची आजीही अशीच गेली. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही जातीवरची जाडजूड पुस्तके वाचली, पण तिच्याजवळ तासभर बसून तिला काही विचारले नाही. ही चूक आता दुरुस्त होणार नाही. तुमची अजून होऊ शकते, म्हणून हा लेख.

आपल्याविषयी कोण लिहिते?

दूरचे एक उदाहरण घेऊ. प्रशांत महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. १९२५ साली मार्गारेट मीड ही अमेरिकन तरुणी तिथे गेली. काही महिने राहून तिने सामोअन मुलींच्या वाढत्या वयावर १९२८ साली पुस्तक लिहिले आणि ते जगभर गाजले. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन या अभ्यासकाने तिचे निष्कर्ष खोडून काढणारे पुस्तक लिहिले. सामोअन माणूस कसा असतो, यावर मोठा वाद झाला. पण त्या वादातले हे दोन्ही प्रमुख आवाज बाहेरचे होते.

सामोअन लोक मात्र गप्प बसले नव्हते. आपिया येथे १९३९ साली जन्मलेले अल्बर्ट वेंड्ट यांनी न्यूझीलंडमध्ये इतिहासात एम.ए. केले. प्रबंधाचा विषय होता ‘माऊ’, म्हणजे न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्ध सामोअन लोकांनी उभारलेली चळवळ. पुढे १९७३ पासून त्यांच्या कादंबऱ्या येऊ लागल्या. आपल्या माणसांचा इतिहास शोधणे आणि आपल्या माणसांची गोष्ट सांगणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली.

हे आपल्याला नवे वाटायला नको. मीड ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकली, तिथेच तिच्या आधी बाबासाहेब शिकले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. ज्यांचा फक्त ‘अभ्यास’ केला जात होता, त्यांच्यातलाच एक विद्यार्थी अभ्यासक म्हणून उभा राहिला होता. त्याच बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लहानपणीचा गोरेगावचा प्रवास, बडोद्यात राहायला जागा न मिळणे हे स्वतःचे अनुभव लिहिले. स्वतःचा अनुभव हाही पुरावा असतो, हे त्यांनी करून दाखवले.

शेजारच्या फलटणचे उदाहरण

बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथे बेबीताई कांबळे राहत होत्या. जन्म १९२९, पुरंदर तालुक्यातील वीरगावचा. छोट्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून, रद्दीत आलेले कागद वाचत त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिलेले घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले. फलटणला राहून मराठी भाषेचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले.

शीर्षकातल्या ‘आमुचं’ या शब्दाकडे लक्ष द्या. त्या एकटीचे नव्हे, सगळ्या महारवाड्याचे जिणे सांगत होत्या. पुढे माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. त्यासाठी घेतलेल्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या मारहाणीविषयी बोलल्या. पुस्तकात ते आलेले नव्हते. समाजाचे दुःख मोठे, आपले लहान, म्हणून बाईने ते बाजूला ठेवले होते. कोणीतरी आपुलकीने विचारले, तेव्हा ते बोलले गेले. चांगला प्रश्न काय करू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनीही हेच केले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधत त्या गावोगाव, घरोघर फिरल्या. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आला. तो नसता, तर परिषदा भरवणाऱ्या आणि मोर्चात चालणाऱ्या अनेक बाया आज कोणाला माहीतही नसत्या.

आठवण आणि कागद

आठवणीत चूक असू शकते. ‘बाबासाहेब आमच्या वस्तीवर आले होते’ असे अनेक गावांत सांगतात. ऐकणाऱ्याने लगेच मान डोलावू नये आणि आजीला खोटेही पाडू नये. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चे जुने अंक, भाषणांचे प्रकाशित खंड यांत तपासावे. पुरावा मिळाला नाही, तर तसे स्पष्ट लिहावे. मग पुढचा प्रश्न विचारावा: बाबासाहेब आले होते, असे वस्तीला का वाटत राहिले? त्या उत्तरातही इतिहास आहे.

कधी आठवणीमुळे कागद उघडतो. वतनाची जमीन घ्या. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने संपली आणि जमिनी सरकारात रक्कम भरून वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. त्या नव्या शर्तीच्या असल्याने परवानगीशिवाय विकता येत नव्हत्या. आज आपल्याकडे जिथे ऊस उभा आहे, त्यातला कोणता तुकडा वतनाचा होता, हे अनेक घरांत आजीलाच ठाऊक आहे. ती ‘ओढ्याकडचं रान’ म्हणते. नातीने सातबारा आणि जुने फेरफार काढले, तर त्या रानाला गट नंबर मिळतो.

इंदापूरच्या काठावर उजनीच्या पाण्याखाली जुनी गावठाणे गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर दिसू लागते आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. पण बुडालेल्या गावांत आपलेही वाडे होते. तिथे चावडी कुठे, पाणवठा कोणाचा, आपली घरे कोणत्या बाजूला, याचा नकाशा आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे.

विचारणाऱ्यात काय बदलते?

आपली अनेक शिकलेली मुले येसकरकी, मागून आणलेली भाकर, मेलेले ढोर हे विषय निघाले की मान खाली घालतात. आम्हीही घालत होतो. आमच्या प्रबंधात आम्ही स्वतःच्या समाजाविषयी ‘ते लोक’ अशा भाषेत लिहिले होते. तटस्थपणा म्हणजे हेच, असा समज होता. आज्यांशी बोलू लागल्यावर कळले की भाकर नाकारायची आणि त्या रात्री पोरांना काय घालायचे, हा निर्णय चुलीपाशी बसलेल्या बाईला घ्यावा लागला होता. क्रांतीचा तो भाग भाषणांत येत नाही. हे ऐकल्यावर लाज कुठल्या कुठे जाते. पोकळ अभिमानही जातो, कारण आपल्याच घरातला बाईवरचा अन्यायही त्याच बोलण्यात समोर येतो. बुद्धांनी ‘येऊन पाहा’ म्हटले. ते स्वतःच्या घरालाही लागू आहे.

सुरुवात अशी करा

१. एकाच माणसापासून सुरुवात करा. आधी परवानगी घ्या. रेकॉर्डिंग कशासाठी आणि कोण ऐकणार, ते सांगा. आजी ‘हे लिहू नको’ म्हणाली, तर लिहू नका.

२. ‘तुमच्यावर काय अन्याय झाला?’ असे विचारू नका. देव्हाऱ्यातले देव कुठे गेले? लग्नात वाजवायला कोण आले? पहिल्यांदा पांढरी साडी कधी नेसलात? असे विचारा. जात्यावरच्या ओव्या आठवतात का, हेही विचारा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत.

३. आजीचे शब्द तिच्याच बोलीत उतरवा. ‘व्हतं’चे ‘होते’ करू नका.

४. ऐकलेले, कागदावर सापडलेले आणि तुम्ही कल्पनेने भरलेले, या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. कथा, पथनाट्य किंवा जलसा जरूर करा, पण कल्पना कुठे सुरू झाली ते सांगा.

५. जमिनीचे वाद, अत्याचाराच्या केसेस, हयात माणसांची नावे सांभाळून वापरा. छापण्याच्या नादात कोणाला अडचणीत आणू नका.

६. लिहून झाले की ते आजीला वाचून दाखवा. चुका ती सांगेल. एक प्रत घरात आणि एक विहारात ठेवा.

विहारात आपण वर्षावासात ग्रंथवाचन करतो. येत्या वर्षावासात आठवड्यातली एक संध्याकाळ वस्तीतल्या एका ज्येष्ठ माणसाला द्या. मोबाईल सगळ्यांकडे आहे, वहीपेनाला खर्च नाही. फक्त आजीकडे वेळ कमी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!